मास्तरणीचं झाड

संक्रांत ते रथसप्तमी हे दिवस माझे बरे जात नाहीत. बाहेर सगळं छान असतं. उन्हात बसावंसं वाटतं, बाजारात हरभऱ्याचे डहाळे आणि बोरं आलेली असतात, बायका नव्या साड्या नेसून घरोघर हळदीकुंकवाला जात असतात. मी मात्र या खोलीतून त्या खोलीत फिरत असते. डबा उघडते, काय घ्यायचं होतं ते विसरते, झाकण लावते. सून म्हणते, "आई, जरा एका जागी बसा ना." बसते. तिची पाठ वळली की पुन्हा उठते. यंदा तर ते दिवस संपून महिना होत आला, आमराईत मोहराचा वास सुटला, तरी माझं उठणं-बसणं काही संपलं नाही.

यंदा मी एक केलं. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी नांदेडहून हिंगोलीची एसटी पकडली. मुलाला सांगितलं, माहेरी भाच्याकडे जाऊन येते. अर्धं खरं होतं. वारंगा फाट्याला गाडी थांबली, लोक खिचडी खायला उतरले. मी खिडकीशी बसून राहिले. हॉटेलांच्या मागे सांडपाण्याचा नाला आहे, त्याच्या दोन्ही काठांना ते झाड माजलं होतं. पुरुषभर उंच, हिरवंगार, अंगभर फिकी जांभळी फुलं. कॉलेजातल्या दोन मुली त्याच्यापुढे उभ्या राहून मोबाइलवर फोटो काढत होत्या. एक म्हणाली, "किती गोड कलर आहे." मी तोंड फिरवलं. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी अगदी हेच वाक्य मी म्हटलं होतं.

माझं माहेर हिंगोलीचं. आमच्या घरामागे एक जुना सरकारी बंगला होता आणि त्याच्या कुंपणाला हे झाड लावलेलं होतं. परदेशातून शोभेसाठी आणलंय, एवढंच तिथला माळी सांगायचा. पान पिंपळाची आठवण करून देणारं, फूल ग्रामोफोनच्या भोंग्यासारखं, काडी मोडली की पांढरा चीक. पाणी नको, खत नको, आणि गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला एक नंबर. लग्न होऊन मी नवऱ्याच्या नोकरीच्या गावी निघाले तेव्हा आईनं कानात सांगितलं, झाड मागून नेलं तर लागत नाही, गुपचूप तोडून ने. मी तोडून नेलं. चार फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळून, ट्रंकेवर आडव्या ठेवून.

गाव पुसेगावच्या बाजूचं, ओढ्याकाठचं. तेव्हा हा सगळा मुलूख परभणी जिल्ह्यातच होता. ओढा पुढं कयाधू नदीला मिळतो. नवरा तिथं शाळामास्तर, म्हणून मी अठराव्या वर्षीच मास्तरीणबाई झाले. बायका माझं पोलकं, माझा अंबाडा, माझं बोलणं निरखायच्या आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

लग्नानंतरची पहिली संक्रांत आली. हळदीकुंकवाला वाण काय लुटावं, यावर मी आठ दिवस डोकं खाजवलं. गावात कुणी मीठ द्यायचं, कुणी हळकुंडं, कुणी सुपारी. मला सगळ्यांहून वेगळं काहीतरी हवं होतं. अंगणात पाहिलं तर माझ्या चार फांद्यांना भरघोस फुटवे आले होते. मग मी वीतभर लांबीच्या काड्या कापल्या, प्रत्येकीच्या बुडाला ओली माती आणि चिंधी बांधली, वर हळदीकुंकवाची बोटं लावली. एकवीस काड्या, एकवीस बायका.

पाटलीणकाकू गावातल्या मानाच्या. त्यांनी काडी उलटीसुलटी करून पाहिली. "जनावर तोंड लावत न्हाई म्हंता?"

"नाही लावत."

"मंग बराबर केलं मास्तरीण. आमच्या परसात लई तकलीफ हाय शेळ्याची."

त्यांनी बरं म्हटलं म्हणजे सगळ्यांनी बरं म्हटलं. एकवीस घरांच्या परसात एकवीस काड्या रोवल्या गेल्या. आणि वाणाचं असं असतं की ते टाकून द्यायचं नसतं. मीठ असेल तर खाऊन संपतं, सुपारी देवापुढे राहते. झाडाचं वाण मात्र वाढत जातं, हे मला तेव्हा फार सुंदर वाटलं होतं.

बाविसावी काडी मी मागे ठेवली होती.

आमच्या भिंतीला भिंत लागून धुरपताबाईंचं घर होतं. वय चौतीस-पस्तीस, विसाव्या वर्षी नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घरात पाच शेळ्या, त्याच तिचं सगळं काही. त्यांचं दूध, त्यांची पिलं, त्यांच्या लेंड्यांचं खत, यावर ती बाई कुणापुढे हात न पसरता जगत होती. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं नसतं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मीही बोलावलं नाही. पण अंगणात बायकांच्या बांगड्या वाजत होत्या तेव्हा ती भिंतीपलीकडे शेळ्यांना पाला टाकत उभी होती आणि एकच फांदी किती वेळ झटकत होती. दिवस कलल्यावर सगळ्या गेल्या, तेव्हा मी काडी घेऊन भिंतीशी गेले.

"धुरपताबाई, हे घ्या."

तिनं हात पुढं केला नाही. "मला काहून? मला चालतं व्हय?"

"कुणाला सांगू नका, झालं."

तिनं पदर पसरला. मी काडी पदरात टाकली. तिच्या कपाळाकडे बघायचं मी टाळलं, तिनंही माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं ती काडी गोठ्यामागे लावली, बाहेरून दिसणार नाही अशी. मला मात्र रात्रभर स्वतःचं कौतुक वाटत राहिलं. मी किती सुधारक, असं आईला पत्रात लिहिणार होते. मग वाटलं, नको, पत्र वडील वाचतात.

झाडं अशी फोफावली की बायका येऊन सांगायच्या, मास्तरीण, तुमचं झाड लई गुणाचं. त्याला दुसरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून ते मास्तरणीचं झाड झालं. माझ्या नावाचं काहीतरी त्या मातीत रुजलं याचा मला तेव्हा केवढा अभिमान. आज आठवलं की कानशिलं तापतात.

मग ओळीनं दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो. मला आठवतो तो त्याच्या पुढचा, त्र्याहत्तरचा उन्हाळा. ओढ्याच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी काढायचं, हंड्यात अर्धा गाळ. सरकारी लाल मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, भाकरीला एक कुबट वास यायचा, तो पदराला सुद्धा राहायचा. कडुलिंबाचे शेंडे ओरबाडून झाले, बाभळी सोलून झाल्या. जमीन आणि आभाळ एकाच फुफाट्याच्या रंगाचं. त्या सगळ्यात हिरवं एकच होतं, मास्तरणीचं झाड. अशा उन्हात ते फुलतही होतं. मला ते बघून धीर यायचा.

गावातल्या बायका-माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. धुरपताबाईही जायची. मला पाचवा महिना होता, मी घरीच असायचे. पहिल्या दिवशी जाताना ती भिंतीशी आली.

"मास्तरीणबाई, शेळ्याकडं जरा ध्यान ठेवा. दुपारच्याला घोट घोट पानी दावा. माह्या मागं त्येंला कोन हाय?"

मी हो म्हटलं. पाणी दाखवायचे. पण शेळ्या दिवसभर ओरडायच्या. पोटं खपाटीला गेलेल्या शेळ्यांचं ते ओरडणं लहान लेकरासारखं असतं आणि माझ्या पोटात लेकरू होतं. ऐकवेना. चौथ्या दिवशी मी विळा घेतला, माझ्या कुंपणाच्या हिरव्या फांद्या छाटल्या आणि भिंतीवरून टाकल्या.

शेळ्यांनी हुंगलं आणि माना फिरवल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी कपाळावर पांढरा टिळा असलेल्या चंद्री नावाच्या शेळीनं एक पान ओढलं. मग दुसरं. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. पुढं रोजचंच झालं. धुरपताबाई कामावर गेली की मी फांद्या टाकायचे. माझं कुंपण ओकं झालं तेव्हा तिच्या गोठ्यामागचं झाड छाटायला लागले. माझी चाहूल लागली की पाचही जणी दोरी ताणून उठायच्या. मला वाटायचं, माया लागली. तिला मी काही बोलले नाही. उपकार बोलून दाखवू नयेत, असं आमच्या घरचं वळण.

वीसेक दिवसांनी चंद्रीची मान हलायला लागली. नाही-नाही म्हणावं तशी, सारखी. मग मागचे पाय लटपटायला लागले. धुरपताबाईनं कामावरून येताना कुठून कुठून मूठभर कडबा मिळवून आणला, तर शेळ्या त्याला शिवेनात. त्या गोठ्यामागच्या झाडाकडे दोरी ओढत राहिल्या. ती म्हणाली, "कडबा सोडून त्या पाल्याकडं काहून वढून राहिल्या ह्या?" मी भिंतीच्या अलीकडे उभी होते. माझ्या बोटांना अजून चिकाचा चिकटपणा होता. त्या क्षणी मला सगळं समजलं. समजायला कुणी डॉक्टर लागला नाही.

त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणाले, "आता सांगून शेळ्या बऱ्या होणार आहेत का? आपण बाहेरगावची माणसं. तुला हे असे दिवस. गप्प राहा." मला कुणीतरी असं म्हणायलाच हवं होतं. मी गप्प राहिले.

चंद्री पहिली गेली. मग एकेक करून आणखी तिघी. पाचवी राहिली, पण तिची मान हलायची थांबली नाही. चौथी गेली त्या सकाळी धुरपताबाई कामावर गेली नाही. उंबऱ्यात बसली होती, रडत नव्हती. मी भिंतीशी गेले, सांगायचं असं ठरवून गेले होते. माझ्याआधी तीच बोलली, अगदी हळू आवाजात.

"मास्तरीणबाई, माहीच चुकी झाली."

"तुमची कसली?"

"मला वाण घ्यायला नको व्हतं. माह्यासारखीनं वाण घेतलं, ते सोसलं न्हाई. तुमी चांगल्या मनानं दिलं. पन मला समजाया पायजे व्हतं."

ऊन भिंतीवर चढलं होतं. माझ्या तोंडात जीभ होती. दोनच वाक्यं सांगायची होती. झाड विषारी आहे, आणि पाला मी घातला. ती दोन वाक्यं त्या बाईच्या डोक्यावरचा केवढा भार उतरवू शकली असती. मी म्हणाले, "असं मनात आणू नका." आणि घरात आले. त्या वाक्याइतकं निर्लज्ज वाक्य मी पुढं आयुष्यात बोलले नाही.

मृग लागल्यावर ओढ्याला पाणी आलं. धुरपताबाईनं गोठ्यामागचं झाड मुळासकट उपटलं. वाळवून चुलीत घालता आलं असतं, पण वाण जाळत नाहीत. देवाचं निर्माल्य सोडतात तसं वाहत्या पाण्यात सोडायचं. फांद्यांची मोळी एकटीला उचलेना, म्हणून तिनं मला हाक मारली. सातवा महिना लागलेल्या बाईला असं काम सांगायला ती कचरत होती, पण हे दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. मोळीचं एक टोक तिनं धरलं, एक मी. वाटेत मी म्हटलं, माझंही सोडून टाकते. माझ्या कुंपणाचे उरलेसुरले बुंधेही उपटून नेले. गढूळ पाण्यानं ते क्षणात ओढून नेलं. मला हायसं वाटलं. पुरावा गेला, असं काहीतरी ते वाटणं होतं.

धुण्याला आलेल्या बायकांनी ते पाहिलं. मास्तरणीनं स्वतःचं झाड सोडलं म्हणजे तसंच करायचं असणार, असं त्यांनी मनाशी धरलं. शेळ्या मेल्यापासून त्या झाडाविषयी कुजबुज होतीच. चार दिवसांत एकवीस घरांची झाडं ओढ्यात गेली. पाटलीणकाकूंनी तर हळदकुंकू वाहून सोडलं. कुणालाच ठाऊक नव्हतं की त्या झाडाचा बोटभर तुकडा ओल्या चिखलात पडला तरी मूळ धरतो. परसात कोंडलेलं झाड आम्ही सगळ्यांनी मिळून, नमस्कार करून, मोकळं सोडलं.

त्याच वर्षी बदली झाली. पुढं शाळेतल्या एका सरांकडून त्या झाडाचं नाव कळलं. बेशरम म्हणतात त्याला. शेळ्यांना ते बाधतं, एकदा चटक लागली की दुसरं खात नाहीत, मान हलते, पाय जातात, हे सगळं सरांनी पोरांना धडा सांगावा तसं सांगितलं. मी चहा गाळत होते. झाडाला असं नाव दिलेलं मला आवडलं नाही. ते आपणहून आलं नव्हतं, त्याला आणलं होतं.

मग कुठंही गेले की ते आधी दिसायचं. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाताना रस्त्याकडेच्या खड्ड्यांत. कळमनुरीकडे कयाधूच्या पुलावरून खाली पाहिलं तर दोन्ही काठांना. दुसऱ्यांनीही कुठून कुठून आणून लावलं असणार, सगळ्या जिल्ह्याचं पाप काही माझं एकटीचं नाही, एवढं मला कळतं. पण मन हिशेबाला बसत नाही. पुलावरून गाडी गेली की मी डोळे मिटून घ्यायचे आणि शेजारच्या बाईला वाटायचं, म्हातारी नदीला नमस्कार करतेय.

धुरपताबाईला सांगायला का गेले नाही? आधी मुलगा लहान होता. मग त्याची शाळा. मग सासूबाईंचं आजारपण. मग वाटलं, इतक्या वर्षांनी काय उकरून काढायचं, ती विसरली असेल. अशा सबबी मी दर संक्रांतीला नव्यानं घडवायचे आणि रथसप्तमी झाली की सुटल्यासारखी व्हायचे.

सहा वर्षांपूर्वी नवरा गेला. त्यानंतरच्या संक्रांतीला सुनेनं हळदीकुंकू केलं. सून गुणी आहे, तिनं मला आत जा असं म्हटलं नाही. मीच गेले. आतल्या खोलीत पलंगावर बसले, आणि बाहेर बायकांच्या बांगड्या वाजायला लागल्या. हातात धुतलेला टॉवेल होता, मी त्याची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते. तेव्हा भिंतीपलीकडे फांदी झटकत उभी राहिलेली धुरपताबाई मला पहिल्यांदा नीट दिसली. तरीही जायला मला आणखी पाच वर्षं लागली.

यंदा हिंगोलीहून भाच्यानं गाडीनं त्या गावी नेऊन सोडलं. ओढा ओळखू येईना. पाण्याला वाट नाही, धुण्याचे दगड दिसत नाहीत, काठाची गायरानाची पट्टी गिळलेली. सगळीकडे जांभळी फुलं. एक बाई विळ्यानं वाट मोकळी करत होती. तिला विचारलं, हे कसलं झाड? म्हणाली, "मास्तरणीचं. किती तोडा, मरतच न्हाई." कोण मास्तरीण, हे तिला ठाऊक नव्हतं.

धुरपताबाई आहे. नव्वदीला टेकलेली, पाठीत वाकलेली, पण कान शाबूत. पुतण्याच्या पडवीत बाजेवर बसली होती. अंगणात एक शेळी बांधलेली. मी नाव सांगितलं तशी तिनं माझा हात चाचपून धरला आणि सोडलाच नाही. म्हणून बरं झालं. हात धरलेला नसता तर मी तब्येत विचारून परत आले असते.

मी सांगितलं. झाड विषारी होतं. पाला मी घातला, वीस दिवस. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही वाण घेतल्यानं काहीही झालं नाही.

पुतण्याची सून आतून डोकावून गेली. अंगणातली शेळी कडबा खात होती, तिच्या दातांचा कुरकुर आवाज तेवढा येत होता.

"म्हंजे वाणाचं काई नव्हतं?"

"काही नव्हतं."

"तवापासून म्या संक्रांतीला कोनाच्या हातचं तीळ बी घेतलं न्हाई," ती म्हणाली. "सूनबाई देते. म्या म्हन्ते, ठेव तिकडं. आपल्या हातानं लेकराबाळाला काई व्हाया नको." मग माझ्या हातावरची तिची पकड घट्ट झाली. "सांगाया काहून न्हाई आल्या वो? इतकी वर्सं?"

मला रडू आलं. ती रडली नाही, तिनं मला गप्पही केलं नाही. ते बरोबरच होतं.

मग तिनं विचारलं, "रथसप्तमी झाली का?"

"कालच झाली."

रथसप्तमीपर्यंतच वाण चालतं. ती मनाशी काहीतरी मांडत राहिली. माझ्या कपाळाकडे तिचे अंधुक डोळे लागले होते आणि या वेळी मी मान वळवली नाही.

"मंग आता पुढल्या संक्रांतीला या," ती म्हणाली. "वाण घिऊन या. पदर पसरते म्या." आणि हात सोडता सोडता म्हणाली, "फकस्त झाड नका आनू."

घरी आल्यावर मी मिठाची पुडी आणून देवघरात ठेवली आहे. सून विचारते, हे इथं कशाला? संक्रांतीला अजून दहा महिने आहेत. मी रोज सकाळी उठून आधी भाच्याला फोन लावते, आणि धुरपताबाई आहे ना, एवढंच विचारते.